उशी

आमच्या देवबागेत पुढच्या दारातून समुद्र दिसतो,
मागच्या दारातून कर्लीची खाडी.
मधल्या वाळूवर माड, चूल आणि माझी झोप,
जी तीन वर्षांपूर्वी वाहून गेली.

तेव्हा इनास सतरा तास
डिझेलच्या रिकाम्या कॅनला मिठी मारून पाण्यात होता.
आला परत. ओठ मिठाने फुटलेले.
आल्या आल्या पेज मागितली
आणि रात्रभर घोरला.
मी मात्र तेव्हापासून जागीच.

आता रुझार जातो बोटीवर. एकोणिसावं संपलं नाही अजून.
तो गेला की मी जपमाळ घेऊन बसते
आणि तिसऱ्या-चौथ्या नमो मरियेनंतर
मणी भलतंच मोजायला लागतात :
बर्फाच्या लाद्या, डिझेलचे लिटर,
सोसायटीचा हप्ता,
रेंज तुटल्यापासूनचे तास.
पत्रा वाजला की उठते. नाही वाजला तरी उठते.
मेणबत्त्या इतक्या बोलून ठेवल्यात
की सायबिणीच्या वहीत मी केव्हाच कर्जबाजारी.

त्या रविवारी मिस्साला वादळाची गोष्ट आली.
फादर श्रद्धेवर बोलले, बराच वेळ बोलले.
मी एका शब्दापाशी अडकले.
उशी.
नावेच्या मागच्या अंगाला तो उशीवर डोकं ठेवून झोपला होता.
कुणाची होती ती?
बोटीवर उशी कोण नेतं?
जाळं असतं, दोर असतो, फार तर गोणपाट.
कुणा बाईने दिली असणार,
रात्री दारात उभी राहणाऱ्या,
काहीच करता येत नाही म्हणून
हाताला येईल ते करणाऱ्या.

घरी येऊन सावरीचा कापूस उन्हात टाकला, बिया वेचल्या.
रुझारच्या जुन्या शर्टाची पाठ तेवढी धड होती,
तिचा अभ्रा शिवला.
"आई गो, बोटीर उशी? माका हसतले सगळे."
"हसांदेत. व्हर."

त्या रात्री खरंच वारा फिरला.
दोन वाजता भीती येऊन कॉटच्या कडेला बसली,
रोजच्यासारखी, ओल्या पायांनी.
मी म्हटलं, बस.
आणि त्या नावेतल्यांनी जे विचारलं होतं
तेच त्याला विचारलं, आवाज चढवून :
आम्ही बुडतोय, तुला काहीच नाही का त्याचं?

उत्तर आलं नाही. समुद्रही गप्प झाला नाही.
फक्त एक दिसलं, इतकी वर्षं ऐकूनही न दिसलेलं :
तो तर सुतार होता.
शीड, वल्हं, वाऱ्याची तऱ्हा,
यातलं त्याला काय येत असणार?
आणि वारा ज्याचं ऐकतो
तो दिवसभराचा शिणलेला माणूस
मासळीचा वास येणाऱ्या चार हातांत नाव सोपवून
पोरासारखा गाढ झोपला.
त्याच्यावर विश्वास ठेवा, हे आम्हाला नेहमी सांगतात.
त्याने आमच्यावर ठेवला होता,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

रुझारच्या हातांना इनासने गाठी शिकवल्यात.
जपमाळ अर्धीच झाली होती, ती उशाशी ठेवली.
म्हटलं, उरलेली तू म्हण.
भीती बसलीच होती तिथे.
तिला जागा ठेवून मी कुशीवर वळले.
उठले तेव्हा पाववाला भोंगा वाजवत
पार पुढच्या वाडीत गेला होता.

दुपारी बोट लागली.
उशी परत आली, बांगड्याच्या वासाची,
एका कोपऱ्याला ग्रीस.
"निजलस मां बरो?"
"मी खंय! तांडेल निजलो दोन तास.
सुकाणू माझ्याकडे होता."

पोटात पुन्हा एक लाट उठली,
ऐन दुपारी, कोरड्या अंगणात.
मग हसूच आलं.
उशी धुतली, बंधाऱ्याच्या दगडांवर वाळत घातली,
वर एक लहानसा धोंडा,
वाऱ्याने उडू नये म्हणून.